झिवाची नक्कल

आमच्याकडे माणूस मेला की मातीत घालण्याआधी सुना त्याची नक्कल करतात. मेलेल्याचे कपडे चढवायचे, त्याची टोपी घालायची, आणि तो जसा चालायचा, खोकायचा, बायकोवर खेकसायचा, तसं सगळं अंगणात करून दाखवायचं. रडून डोळे सुजलेली माणसंही पोट धरून हसतात. नाही हसली तर सुनेत काही दम नाही असं समजायचं. मेलेला माणूस शेवटचा एकदा सगळ्यांपुढे उभा राहिला की मग तो सुखानं जातो, असं जुनी माणसं सांगतात.

या कामात माझा हात धरणारी गावात कोणी नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. सासू गेली तेव्हा मी तिच्यासारखी तपकीर ओढून शिंकले आणि म्हातारा सासरा दचकून "आली का परत!" म्हणत उठून बसला. सासूनं जन्मभर मला पाण्यात पाहिलं, पण नक्कल करताना मी पदरचं काही घातलं नाही की तिचं काही लपवलं नाही. खोट्या नकलेत मेलेल्याला स्वतःची ओळख पटत नाही. आणि हे काम सुनांकडेच का, तर आम्ही परक्या कुळातल्या. रक्ताच्या माणसाला मेलेल्याची थट्टा करवत नाही, परकीला करवते. जन्मभर परकेपणाचे टोमणे खाऊन त्याचा झालाच तर एवढाच फायदा.

आमचं गाव सगळं सिंहाच्या देवकाचं. मी हरणाच्या देवकाची, लग्न होऊन इथं आले. नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत गेला आणि तिकडचाच झाला. मी राहिले, कारण थोरल्या भावोजींनी राहू दिलं. थोरले भावोजी म्हणजे मुसेकिवा, गावाचे मुखिया. त्यांच्या बापानंतर मुखियापण त्यांच्याकडे आलं. शेताचा तुकडा कोणाला, लग्न कुठं जुळवायचं, मेलेल्याला कुठं ठेवायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. त्यांना मी आजवर उलट उत्तर दिलेलं नाही. बाकी सगळ्या गावाला दिलेलं आहे.

आम्ही सुना सोडल्या तर गावात परकं माणूस एकच, माझ्या नणंदेचा नवरा. घरजावई. त्याची सासुरवाडीत काय पत असते ते वेगळं सांगायला नको. आमच्यात मोठ्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत, पोरावरून मारतात नाहीतर देवकानं. मी फारिसायची आई, ते माझ्या भाच्याचे, तारुचे बाबा; पण बाकी सगळे त्यांना झिवा म्हणायचे. झिवा म्हणजे डोह. डोहाच्या देवकाची माणसं मासळीला तोंड लावत नाहीत. आम्ही सुकी मासळी परतून साद्झाबरोबर, मक्याच्या घट्ट उकडीबरोबर, खात असू, तेव्हा तारुचे बाबा भोपळ्याचा पाला खायचे. दर मेजवानीला कोणीतरी मुद्दाम मासळीची थाळी त्यांच्यापुढे सरकवायचं. ते दोन्ही हात पाठीमागं घेऊन असे मागं सरायचे की बाया-बापड्या हसून लोळायच्या. तेही हसायचे.

कबर खणणं हे जावयाचं काम. बाकीचे जावई आपापल्या गावी, इथं राहणारा हा एकच, म्हणून टेकडीवर गावाची प्रत्येक कबर त्यांनीच खणली. बैल कापायचा, झिवाला सांगा. छप्पर शाकारायचं, झिवाला सांगा. संडासाचा खड्डा भरला, झिवा कुठं गेला? "हो, मालक," म्हणून ते कुदळ खांद्यावर टाकायचे. ते नाही म्हणालेले मी कधी ऐकलं नाही, आणि मला वाटायचं, स्वभावच गरीब.

मग एका कोरड्या हंगामात मी नदीच्या वळणावर लव्हाळं कापायला गेले आणि मला वास आला. खडकाआड तारुचे बाबा निखाऱ्यावर मासळी भाजत बसले होते. काटा न काढता, डोक्यासकट, चावत होते. ओठ पुसत होते आणि आमच्या भाषेतलं नसलेलं एक गाणं गुणगुणत होते. मला पाहिल्यावर घास तसाच तोंडात राहिला.

मी म्हणाले, "तारुचे बाबा, डोहात उडी मारलीत वाटतं."

ते हसले नाहीत. "वहिनी, बसा," म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं. ते इथले नव्हतेच. उत्तरेच्या मोठ्या सरोवराकाठचे, कोळ्याच्या घरातले. नाव मासाउको. पोरवयात गोऱ्याच्या तंबाखूच्या मळ्यावर मजुरीला आले. मळ्यावरच्या त्या परदेशी मजुरांना आमच्याकडे काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, मीही म्हणत होते. बिनदेवकाचे. ज्याला देवक नाही त्याला सख्खी बहीण कोण आणि बायको कोण हे कसं कळणार? तो माणूस कसला?

"तुमच्या नणंदेला मागायला आलो," ते म्हणाले, "तेव्हा तुमच्या सासऱ्याच्या बापानं विचारलं, देवक कोणतं? आमच्याकडे कुळं आहेत, वहिनी, पण त्यांची नावं सांगितली असती तर त्याच पावली हाकललं असतं. मला वाटलं, आपण पाण्याकाठचे, डोहाचं सांगावं. म्हणजे निदान अगदीच खोटं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला चटईवर बसवलं. दिवसभर चालून आलो होतो, पोटात कावळे ओरडत होते. पोरींनी थाळी आणली. वर अशी सोनेरी मासळी! मी हात घातला तोच म्हातारीनं थाळी ओढून घेतली. म्हणाली, माफ कर हं झिवा, पोरी मेल्या बावळट आहेत."

मी हसत सुटले. काय करणार, हसण्यासारखंच होतं. मासळीवर वाढलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं मासळी सोडली होती. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि माझं हसू आटलं. मी म्हणाले, "माझ्या पोटात राहील." ते राहिलं. त्यानंतर कधीमधी मीच मूठभर मासळी फडक्यात बांधून त्या खडकावर ठेवत असे.

यंदा थंडीत त्यांच्या छातीनं दगा दिला. बोलताना धाप लागायची. एका दुपारी वन्सं पाण्याला गेल्या होत्या, मी पेज घेऊन गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"माझी नक्कल तुम्हीच करणार ना?"

"आधी मरा तर," मी म्हणाले.

"थट्टा नको, वहिनी. माझी करा. झिवाची नको. वळणावर बसायचा त्याची करा."

"वेड लागलंय का? मुखिया टेकडीवर ठेवू देतील का मग?"

"मी टेकडीवर इतकी माणसं ठेवली," ते धापा टाकत म्हणाले, "तुमची सासू, सासरा, सगळे. जो जसा होता तसा ठेवला. मी एकटाच तिथं दुसऱ्याच्या नावानं पडून राहू? किती काळ? तिकडे माझी आई मला शोधत आली तर झिवा म्हणून हाक मारेल का ती?"

मी पेज पुढे केली आणि "बघू" म्हणाले. त्यांनी मान हलवली. त्यांना "बघू"ही पुष्कळ होतं.

दोन दिवसांनी ते गेले. त्यांना स्वयंपाकाच्या गोल झोपडीत ठेवलं होतं आणि बायका गात होत्या. मी माझ्या खोपीत त्यांची निळी डगळ विजार चढवत होते, तेवढ्यात वन्सं आत आल्या. माझी ही नणंद, तारुची आई, माझ्यापेक्षा थोरली आणि बोलायला फटकळ. आज त्यांचा आवाज बसला होता.

"त्यानं तुला काय सांगितलं ते मला माहीत आहे."

"वन्सं, काय सांगितलं?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. इतकी वर्षं मी त्याच्याशेजारी निजले. झोपेत तो त्याच्या आईशी बोलायचा, ते काय आपल्या भाषेत? मासळी परतून मी मुद्दाम भांडं खरवडायचं ठेवायची. अंधारात उठून तो ते चाटायचा. मी डोळे मिटून पडायची." त्यांनी डोळे पुसले. "पण तो मेला, माझा तारु जिवंत आहे. त्याची सोयरीक जुळत आलीय. बापाला देवक नव्हतं हे कळलं तर पोरीवाले फिरतील. दादा शेताचा तुकडा काढून घेईल. आणि याला ओढ्यापलीकडे टाकतील, बेवारशी भिकारी टाकतात तिथं. झाकली मूठ सव्वा लाखाची, फारिसायच्या आई. पाया पडते तुझ्या."

थोरल्या नणंदेनं भावजयीच्या पाया पडायचं म्हटल्यावर मी त्यांचे हात वरच्यावर धरले. मी म्हणाले, "झिवाचीच करीन." आणि मी मनापासून म्हणाले. तरीही विजारीच्या खिशात मूठभर सुकी मासळी घातली. का घातली ते मला विचारू नका.

अंगण भरलं होतं. मी कुदळ खांद्यावर टाकून, पाठीला पोक काढून बाहेर आले आणि पहिल्याच पावलाला हशा उसळला. मी कंबर धरून वाकले. मी "हो, मालक, हो, मालक," म्हणत प्रत्येकापुढे टोपी काढली. एका म्हातारीची उंची कुदळीनं मोजली आणि "आजी, तुमचं लांबीला थोडकंच आहे, कधी सांगताय?" म्हटलं. ती म्हातारी हसता हसता चटईवरून घरंगळली. मग एका जावेनं या नकलेला हवीच असलेली मासळीची थाळी माझ्यापुढे सरकवली. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले, मागं सरले, डोळे फिरवले. लोक गुडघे बडवत होते. "हाच! हाच तो! झिवा उठला!"

आणि मला लाज वाटली. हा कोण होता? असा माणूस कधी नव्हताच. आम्ही सगळ्यांनी मिळून एक बाहुलं केलं होतं आणि मी त्याला नाचवत होते, आणि खरा माणूस आत झोपडीत पडला होता. त्याच्याकडे आता फक्त मीच होते. सासूला मी खरी उभी केली, जिनं मला एक गोड शब्द दिला नाही. आणि तारुच्या बाबांना खोटं?

मी वन्सींकडे पाहिलं नाही. खाली उकिडवी बसले, थाळी जवळ ओढली आणि एक मासळी डोक्यासकट तोंडात टाकली. काटा न काढता. ओठ पुसले. खिशातली मासळी हातावर घेऊन तिला फुंकर मारली, निखाऱ्यावरची मारतात तशी, आणि ते गाणं गुणगुणू लागले. शब्द मला येत नव्हते, चाल येत होती.

गुडघे बडवणारे हात थांबले. वन्सींच्या तोंडून नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज आला. मी गुणगुणतच राहिले. आता थांबून काय उपयोग होता?

मग मागच्या रांगेतून कोणीतरी तीच चाल उचलली. एक म्हातारी. पाठोपाठ दुसरी. मग हशा फुटला, आधीपेक्षा मोठा, डोळ्यांतून पाणी काढणारा. "नदीच्या वळणावरचा! अगं बाई, अगदी तस्सा! डोकंसुद्धा टाकत नव्हता मेला!"

थोरले भावोजी काठीवर रेलून हसत होते. "फारिसायच्या आई, कमाल केलीस," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, गाणं तुला जमणार नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?" माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"गावाला नाक नाही का? मासळीचा वास लपतो होय? आमच्या आजोबांना तर पहिल्याच दिवशी कळलं. कोणत्या डोहाचा म्हणून पोटकुळ विचारलं, तर हा म्हणतो, मोठ्या डोहाचा!" पुन्हा हशा. "आजोबा आम्हाला म्हणाले, गप्प बसा, पोर देऊन टाका. ज्याला काही लपवायचंय तो कधी नाही म्हणत नाही. आणि म्हणाला का कधी?"

म्हणजे दर मेजवानीला पुढे सरकवलेली ती थाळी. ते हसणं. मला वाटत होतं, गुपित राखणारी मी एकटी. इथं तर अख्खं गाव राखत होतं, आणि त्यावर त्याला राबवत होतं. एकानं जरी त्याला सांगितलं असतं की बाबा, आम्हाला माहीत आहे, सरळ ताटात घेऊन खा! पण मग कबरी कोणी खणल्या असत्या?

वन्सं माझ्या अंगावर धावून आल्या. "घर बुडवलंस माझं! मला शब्द दिला होतास ना?" बायकांनी त्यांना धरलं. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.

"चला, उचला आता," भावोजी म्हणाले.

आम्ही निघालो. तिरडी पुढे, बायका मागे. जिथं वाट फुटते आणि एक टेकडीवरच्या कबरींकडे जाते, तिथं पुढची माणसं खाली ओढ्याकडे वळली.

"दादा," वन्सं ओरडल्या, "वाट चुकली त्यांची."

"नाही चुकली." भावोजींचा आवाज शांत होता, समजूत काढल्यासारखा. "जिवंतपणी खोटं देवक चालून जातं, ते माणसांपुरतं असतं. वर टेकडीवर आपले म्हातारे झोपलेत, त्यांना कोण फसवणार? परकं माणूस त्यांच्यात घुसवलं आणि उद्या पाऊस अडला, तर गाव मलाच धरेल ना?"

"हिनं ते केलं म्हणून—"

"हिनं काय केलं? तो खाटेला लागला तेव्हाच जागा दाखवून ठेवली होती मी. सकाळीच खणलीय."

वन्सींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी तो सोसला असता. त्याही इतकी वर्षं डोळे मिटून पडत होत्या, भांडं खरवडायचं ठेवत होत्या, आणि सगळं कशासाठी? एका जागेसाठी. ती जागा त्याची कधी नव्हतीच.

"आणि तारु?" त्यांनी विचारलं.

"तारुचं काय? आपल्या बहिणीचा पोरगा आहे. राहू दे की. शांत आहे, नाकासमोर चालतो." भावोजींनी तारुच्या पाठीवर थाप मारली. तारु तिशीचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा. "गावाला आता कोणीतरी लागेलच ना. काय रे?"

तारु म्हणाला, "हो, मामा."

ओढ्यापलीकडे पोचलो तर खड्डा कमरेइतकासुद्धा नव्हता. एक बाजू ढासळलेली, तळाला दगड तसाच. ज्या पोरांनी खणला ती माना खाली घालून उभी होती. त्यांना कधी खणावं लागलंच नव्हतं. मुलानं बापाची कबर खणायची नसते, म्हणून तारुला हात लावता येत नव्हता. तिरडी ओल्या गवतावर ठेवलेली. एवढ्याशा खड्ड्यातून तरसं त्यांना पहिल्याच रात्री ओढून काढणार होती.

मी कुदळ खांद्यावरून काढली आणि खाली उतरले. कोणाला विचारलं नाही. माती ओली होती, जड होती. मी दगडाच्या कडेनं घाव घातला, जसं तारुच्या बाबांना करताना पाहिलं होतं, आधी कड सैल करायची, मग उपटायचा. विजार पायात येत होती. रडू फुटलं ते मी आवरलं नाही.

आणि वर लोक हसायला लागले. आधी एक जण, मग सगळे. मी तारुच्या बाबांच्याच कपड्यांत होते, त्यांच्याच टोपीत, त्यांच्याच कुदळीनं खणत होते. लोकांना वाटलं, खेळ चालूच आहे. "अरे बघा, झिवा स्वतःचीच खणतोय!" कोणीतरी ओरडलं. म्हातारी टाळ्या वाजवत होती. मी वर पाहून ओरडणार होते की मुर्दाडांनो, हा खेळ नाही. तोंड उघडलंही.

भावोजी कडेला आले. हसून हसून त्यांचे डोळे भरले होते. काठीनं खड्ड्याचा कोपरा दाखवत ते म्हणाले, "झिवा, डावीकडे अजून थोडं खोल घे."

"हो, मालक," मी म्हणाले.

आवाज तारुच्या बाबांचा निघाला, पण ती नक्कल नव्हती. वर पुन्हा हशा झाला. मी डावीकडे वळले आणि खोल घ्यायला लागले.